सर्व्हर बंद न करता नवा कोड कसा चढवायचा

फाइल बदलली, सेव्ह केली, ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश केलं, तरी जुनंच पान. पुन्हा रिफ्रेश, पुन्हा जुनंच. मग कुणीतरी सांगतं, "अरे, सर्व्हर रीस्टार्ट कर की." रीस्टार्ट केल्यावर नवं पान दिसतं खरं, पण त्या आठ-दहा सेकंदांत ज्यांनी फॉर्म भरून बटण दाबलेलं असतं त्यांच्या समोर ५०२ ची (मागच्या सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही, अशा अर्थाची) पाटी येते. आपल्याला ती दिसत नाही, म्हणून आपण खूश असतो.

मी बरेच दिवस यावर एकच उपाय करायचो: रात्री उशिरा, वर्दळ कमी झाल्यावर डिप्लॉय, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं. पुढे कळलं की सर्व्हर चालू ठेवून कोड बदलणं हे एका सिग्नलचं (चालू प्रोसेसला बाहेरून द्यायच्या इशाऱ्याचं) काम आहे, पण त्या सिग्नलच्या आजूबाजूला इतके खड्डे आहेत की पहिल्या काही वेळा त्यातल्या एकात तरी पाय जातोच. माझा बहुतेक सगळ्यांत गेला आहे. ते खड्डे कुठे आहेत ते खाली लिहिलंय.

उदाहरणासाठी मी पायथनचं वेब अ‍ॅप धरलं आहे: लिनक्स मशीन, पुढे एंजिनएक्स (बाहेरून आलेल्या रिक्वेस्ट घेऊन मागे देणारा वेब सर्व्हर), मागे गुनिकॉर्न (पायथनचा कोड चालवणारा सर्व्हर) आणि या सगळ्यांवर सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था). पीएचपी, रूबी किंवा नोडवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

हाताशी काय हवं

- मशीनवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय), आणि सर्व्हिसला सिग्नल देण्याइतके अधिकार
- गुनिकॉर्नच्या मास्टर प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), किंवा तो जिथे लिहिला जातो ती पीआयडी फाइल
- सिस्टमडीची युनिट फाइल आणि गुनिकॉर्नची कॉन्फिग फाइल, दोन्ही वाचलेल्या
- लॉग चालू दाखवणारी दुसरी टर्मिनल खिडकी (ही नसेल तर पुढचं काही करूच नका)
- कर्ल (यूआरएल बोलावून उत्तर टर्मिनलवर दाखवणारी कमांड)
- मोकळी मेमरी. किती, ते पाचव्या पायरीत

१. फाइल बदलून पान का बदलत नाही, ते आधी समजून घ्या

पायथन एखादं मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट करतो तेव्हा फाइल वाचतो, बाइटकोड बनवतो आणि तयार झालेलं मॉड्यूल मेमरीतल्या एका यादीत ठेवतो. त्यानंतर कितीही वेळा इम्पोर्ट म्हणा, तो यादीतलंच काढून देतो. डिस्ककडे पुन्हा बघत नाही. त्यामुळे चालू प्रोसेसच्या दृष्टीने तुमची नवी फाइल अस्तित्वातच नसते.

पीएचपी शिकून आलेल्यांना हे विचित्र वाटतं, कारण तिथे प्रत्येक रिक्वेस्टला स्क्रिप्ट नव्याने सुरू होते आणि फाइल बदलली की पान बदलतं. पण प्रॉडक्शनवरच्या (लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवरच्या) पीएचपीतही ऑपकॅश (तयार कोड मेमरीत ठेवणारी सोय) असतो. तो साधारणपणे दर २ सेकंदांनी फाइलची वेळ तपासतो; वेग वाढवायला कुणी ही तपासणी बंद केली असेल, तर तिथेही जुनाच कोड चालत राहतो.

इथे एक मोह होतो. पायथनमध्ये मॉड्यूल पुन्हा वाचणारं रीलोड फंक्शन आहे. पायथन २ मध्ये ते थेट हाताशी होतं, ३.४ पासून इम्पोर्टलिबमध्ये आहे. मग चालू प्रोसेसमध्ये तेच बोलावलं तर? मी केलं आहे. एक गुप्त यूआरएल ठेवली होती, ती उघडली की ठरावीक मॉड्यूल रीलोड व्हायची. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी एका ऑब्जेक्टचा क्लास तपासणारी ओळ "हा त्या क्लासचा नाही" म्हणू लागली. दोघांचं नाव एकच होतं, पण एक क्लास रीलोडच्या आधीचा होता आणि दुसरा नंतरचा. शिवाय "फ्रॉम अमुक इम्पोर्ट तमुक" असं ज्या-ज्या फाइलने लिहिलंय तिच्याकडे जुनंच फंक्शन राहतं. कोडमधून काढून टाकलेली नावंही मॉड्यूलमध्ये तशीच शिल्लक राहतात, कारण रीलोड जुन्या डिक्शनरीवरच नवं लिहितो. आणि हे सगळं ज्या वर्करला (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या अनेक प्रोसेसपैकी एकीला) ती यूआरएल लागली तेवढ्यातच घडतं, बाकीचे वर्कर जुनेच. नोटबुकमध्ये प्रयोग करताना हे फंक्शन उपयोगी आहे. सर्व्हरवर नको.

चालत्या प्रोसेसमध्ये कोड बदलायची सोय मुळातच ज्यात आहे अशी भाषा म्हणजे अर्लांग. ती एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली, आणि एक्स्चेंज बंद करून चालत नाही. तिथे एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी जिवंत राहू शकतात: चालू आणि जुनी. तिसरी चढवली की सगळ्यात जुनीत रेंगाळलेल्या प्रोसेस मारल्या जातात. म्हणजे जिथे ही सोय भाषेतच आहे तिथेही "दोनच" अशी मर्यादा घालावी लागली. आपल्या भाषेत ती सोय नाही, तेव्हा आपण कोड बदलायचा नाही. प्रोसेस बदलायची, आणि दार मात्र उघडं ठेवायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

२. दार कुणाकडे आहे ते शोधा

गुनिकॉर्न सुरू झाला की आधी एक मास्टर उठतो. तो पोर्ट किंवा सॉकेट (कनेक्शन जिथे येतात ते दार) उघडतो आणि मग स्वतःसारखे वर्कर जन्माला घालतो. रिक्वेस्ट वर्कर हाताळतात. सॉकेट मास्टरच्या मालकीचं. वर्करची पाळी बदलली तरी सॉकेट उघडंच असतं, आणि मधल्या क्षणांत आलेली कनेक्शन कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) रांगेत थांबतात. गुनिकॉर्न ही रांग २०४८ ची मागतो. कर्नलची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर तेवढीच मिळते. वापरणाऱ्याला पान किंचित उशिरा आलं एवढंच जाणवतं.

प्रोसेसची यादी झाडाच्या रूपात बघा. सगळ्यात वरचा पीआयडी मास्टरचा. सिग्नल त्यालाच द्यायचा. वर्करला दिलेला सिग्नल फक्त त्या वर्करपुरता असतो, आणि नवखे नेमके यादीतला पहिला दिसेल तो पीआयडी उचलतात.

यादीत गुनिकॉर्नची मास्टर-वर्कर अशी रचनाच दिसली नाही, तर तुम्ही बहुधा फ्रेमवर्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर चालवताय. तो फाइल बदलली की स्वतःहून रीलोड होतो, पण ते रीलोड म्हणजे संपूर्ण प्रोसेस मारून नवी उठवणं. गुनिकॉर्नचा रीलोड नावाचा पर्यायही विकासाच्या वेळेसाठीच आहे. लॅपटॉपवर वापरा, प्रॉडक्शनवर नाही: तिथे एखादी अर्धी कॉपी झालेली फाइलही त्याला "बदल" वाटते.

३. नवा कोड चालू फोल्डरवर ओतू नका

बहुतेक जण चालू फोल्डरमध्येच गिट पुल करतात, म्हणजे गिटमधून नवा कोड तिथेच ओढतात. लहान अ‍ॅपला ते अनेक महिने निभावतंही. पण बघा काय होऊ शकतं. गुनिकॉर्नला ठरावीक रिक्वेस्टनंतर वर्कर बदलायला सांगितलेलं असेल (मेमरी गळतीवर हा लोकप्रिय उपाय आहे), तर तुमची कॉपी निम्मी झालेली असताना एखादा वर्कर आपोआप संपतो आणि नवा वर्कर निम्मा जुना, निम्मा नवा कोड घेऊन उठतो. सिग्नल तर तुम्ही अजून दिलेलाच नाही. शिवाय टेम्प्लेट कॅश होत नसतील तर जुना पायथन कोड नवी टेम्प्लेट वाचायला लागतो, आणि उशिरा इम्पोर्ट होणारी मॉड्यूल नवी येतात.

म्हणून दर वेळी वेगळं फोल्डर. रिलीजेस नावाच्या फोल्डरात तारीख-वेळेच्या नावाचं एक फोल्डर बनवा, त्यात कोड आणा, आणि करंट नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव) शेवटी त्याच्याकडे वळवा.

सिमलिंक वळवण्यातही गोम आहे. एलएनला (लिंक बनवणारी कमांड) एस, एफ आणि एन हे तीन फ्लॅग देऊन लिंक बदलायची सवय सगळ्यांना असते. ती कमांड आधी जुनी लिंक काढून मग नवी बनवू शकते, आणि त्या निमिषात करंट नावाचं काहीच नसतं. त्याऐवजी वेगळ्या नावाने नवी लिंक बनवा आणि एमव्हीला (फाइल हलवणारी कमांड) मोठा टी फ्लॅग देऊन ती करंटवर सरकवा. फाइलचं नाव बदलणं हे लिनक्समध्ये एका घावात होतं, अधलीमधली अवस्था नसते.

आता या पायरीतला खरा सापळा, ज्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली. प्रोसेसची वर्किंग डिरेक्टरी ही सिमलिंकच्या नावाशी नव्हे, ती ज्या फोल्डरकडे बोट दाखवत होती त्या खऱ्या फोल्डरशी बांधलेली असते. मास्टर तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाला असेल तर तो तीन आठवड्यांपूर्वीच्या फोल्डरात उभा आहे. तुम्ही लिंक वळवली, सिग्नल दिला, नवे वर्कर आले, आणि त्यांनी इमानेइतबारे जुनाच कोड वाचला. उपाय: गुनिकॉर्नच्या कॉन्फिगमध्ये सीएचडीआयआर या सेटिंगला करंटचा पूर्ण मार्ग स्पष्ट लिहा, म्हणजे रीलोडच्या वेळी तो त्या नावाने पुन्हा आत शिरतो.

पीएचपीवाल्यांना हाच सापळा दुसऱ्या रूपात भेटतो. खऱ्या मार्गांचा तिथे एक वेगळा कॅश असतो, मुदत १२० सेकंद, त्यामुळे लिंक वळवल्यावर दोन मिनिटं कधी जुनं, कधी नवं असा खेळ चालतो. एंजिनएक्सकडून पीएचपीला मार्ग देताना डॉक्युमेंट रूटऐवजी रिअलपाथ रूट हे व्हेरिएबल दिलं की तो थांबतो.

४. सिग्नल देण्याआधी कोड उठतो का ते बघा

ही पायरी वगळू नका. एंजिनएक्सच्या सवयीने मी ती वगळायचो. एंजिनएक्सला चुकीची कॉन्फिग देऊन रीलोड सांगितलं तर तो लॉगमध्ये तक्रार लिहितो आणि जुन्या कॉन्फिगवर चालत राहतो. मला वाटलं, गुनिकॉर्नही असाच समजूतदार असेल.

नाही. गुनिकॉर्नच्या नव्या वर्करला अ‍ॅप लोड करता आलं नाही, तर मास्टर "वर्कर फेल्ड टू बूट" अशी ओळ लिहून स्वतःच बंद होतो, आणि जुने, व्यवस्थित चालणारे वर्करही त्याच्याबरोबर जातात. माझा एक कंस बंद करायचा राहिला होता. साइट बंद पडू नये म्हणून केलेल्या रीलोडने साइट बंद पाडली, तीही भर दुपारी, कारण आता आपल्याला रात्री जागायची गरज नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

तेव्हा नव्या फोल्डरमध्ये जाऊन, प्रॉडक्शनच्याच व्हर्च्युअलएन्व्हमधून (पायथन आणि त्याच्या लायब्ररींचा वेगळा संच) आणि त्याच युजरने अ‍ॅप एकदा इम्पोर्ट करून बघा. गुनिकॉर्नला चेक-कॉन्फिग हा पर्याय आहे, तो नेमकं हेच करतो. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर त्याची चेक कमांडही चालवा. "त्याच युजरने" यावर जोर आहे: रूट होऊन तपासलं की परवानगीच्या चुका दिसत नाहीत.

एंजिनएक्सच्या कॉन्फिगलाही हात लावला असेल तर त्याला टी फ्लॅग देऊन तपासा. तो चूक पोटात घालतो हे खरं, पण मग बदल लागू झालाच नाही हे तुम्हाला दोन दिवसांनी कळतं.

५. सिग्नल द्या, पण कुणाला कोणता ते बघून

गुनिकॉर्नसाठी सिग्नलचं नाव हप. हे हँगअपचं लघुरूप: मोडेमची लाइन तुटली की टर्मिनलवरच्या प्रोग्रामला हा सिग्नल मिळायचा. मागे चालणाऱ्या सर्व्हरला टर्मिनलच नसतं, म्हणून रिकामा पडलेला हा सिग्नल "कॉन्फिग पुन्हा वाच" या अर्थाने वापरात आला.

मास्टरला हप मिळाला की तो कॉन्फिग पुन्हा वाचतो, ठरलेल्या संख्येइतके नवे वर्कर उठवतो आणि मग जुन्यांना काम आटपून जायला सांगतो. लक्षात घ्या, नवे आधी आणि जुने नंतर, म्हणजे काही क्षण दुप्पट वर्कर असतात. एक वर्कर ३०० एमबी खात असेल आणि असे ८ असतील, तर आणखी २.४ जीबी मोकळी हवी. नसेल तर कर्नल कुणाला तरी मारतो, आणि कुणाला ते आपण ठरवत नाही.

सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये एक्झेकरीलोड या ओळीत मेन पीआयडीला हप देणारी किल कमांड लिहून ठेवा. मग सिस्टमसीटीएल रीलोड आणि सर्व्हिसचं नाव एवढंच पुरतं. आणि सिस्टमसीटीएलचं डेमन-रीलोड हे वेगळं प्रकरण आहे. त्याने सिस्टमडी युनिट फाइली पुन्हा वाचतो, तुमच्या अ‍ॅपला स्पर्शही होत नाही. नाव सारखं असल्याने लोक ते चालवतात, कोणतीही चूक दिसत नाही, आणि समजतात की झालं.

आता नवख्यांना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. सिग्नलची नावं सगळीकडे तीच असली तरी प्रत्येक सर्व्हरने त्यांचे अर्थ आपापले लावले आहेत.

एंजिनएक्सला क्विट दिला तर तो चालू रिक्वेस्ट पूर्ण करून सावकाश थांबतो आणि टर्म दिला तर झटक्यात. गुनिकॉर्नमध्ये बरोबर उलट: टर्म सावकाश, क्विट झटक्यात. अपाचीला हप दिला तर तो चालू रिक्वेस्ट तोडून टाकतो. तिथे सभ्य रीलोड म्हणजे यूएसआर१, जो अपाचीसीटीएलला ग्रेसफुल म्हटलं की जातो. पीएचपी-एफपीएममध्ये रीलोडसाठी यूएसआर२, पण प्रोसेस कंट्रोल टाइमआउट ही सेटिंग मुळात शून्य असते, म्हणजे चालू कामासाठी थांबणं नाहीच. ती काही सेकंदांवर नेल्याशिवाय त्या रीलोडला सभ्य म्हणता येत नाही. प्यूमात (रूबीचा सर्व्हर) वर्कर एकेक करून बदलायचे असतील तर यूएसआर१, सरसकट बदलायचे तर यूएसआर२. यूडब्ल्यूएसजीआयची (गुनिकॉर्नसारखाच आणखी एक सर्व्हर) तऱ्हाच न्यारी: त्याला साधा टर्म दिला तर मूळ सेटिंगनुसार तो थांबतच नाही, रीलोड होतो. नोडवर पीएम२ (प्रोसेस सांभाळणारं साधन) वापरत असाल तर त्याचं रीलोड क्लस्टर मोडमध्येच खरं रीलोड असतं, एरवी तो गुपचूप रीस्टार्टच करतो.

एका सर्व्हरसाठी पाठ केलेली कमांड दुसऱ्यावर चालवण्याआधी त्या सर्व्हरच्या सिग्नलचं पान वाचा. पाच मिनिटं लागतात.

६. हप कुठे पुरत नाही

*प्रीलोड.* मेमरी वाचवायला गुनिकॉर्नमध्ये प्रीलोड चालू केलेलं असेल तर अ‍ॅप मास्टरमध्येच लोड होतं आणि वर्कर त्याची प्रत घेऊन जन्मतात. अशा वेळी हप दिला तर वर्कर नवे येतात आणि कोड जुना राहतो. प्यूमाचा टप्प्याटप्प्याचा रीस्टार्टही प्रीलोडबरोबर चालत नाही, कारण तेच. प्रीलोडने वाचणारी मेमरी आणि सोपं रीलोड यांतलं एकच मिळतं. मी रीलोड निवडतो.

*एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.* युनिट फाइलमधला किंवा तिने वाचलेल्या फाइलमधला पासवर्ड बदलून हप दिला, तर काहीच होत नाही. नवे वर्कर जुन्या मास्टरच्या पोटी जन्मतात आणि त्याचीच व्हेरिएबल घेऊन येतात.

*पायथनची आवृत्ती, गुनिकॉर्नची स्वतःची आवृत्ती, किंवा रिलीजच्या फोल्डरातच ठेवलेलं व्हर्च्युअलएन्व्ह.* इंटरप्रिटर मास्टरबरोबरच मेमरीत आहे. तो हपने बदलणार नाही.

या तिन्हींसाठी मास्टरच बदलावा लागतो. गुनिकॉर्नमध्ये त्यासाठी यूएसआर२ आहे. तो दिला की जुन्या मास्टरच्या शेजारी, तेच सॉकेट वारशाने घेऊन, नवा मास्टर उठतो. मग जुन्याला विंच देऊन त्याचे वर्कर थांबवायचे (गुनिकॉर्न डेमन मोडमध्ये चालत असेल तरच तो विंच ऐकतो), सगळं ठीक दिसलं की जुन्याला टर्म. बिघडलं तर उलटं: जुन्याला हप देऊन त्याचे वर्कर परत उठवायचे आणि नव्याला टर्म. पण व्हेरिएबलच्या बाबतीत हाही मार्ग अपुरा, कारण नवा मास्टर जुन्याचंच मूल. आणि सिस्टमडी मूळ पीआयडीलाच सर्व्हिस समजत असल्याने तो गेला की गोंधळ उडू शकतो. मी ही कसरत सोडून दिली. अशा बदलांसाठी दुसऱ्या सॉकेटवर दुसरी सर्व्हिस उठवतो, एंजिनएक्सला तिच्याकडे वळवून त्याचं रीलोड करतो आणि पहिली बंद करतो.

७. जुन्या वर्करना निघायला वेळ द्या

गुनिकॉर्न जुन्या वर्करना काम आटपायला ३० सेकंद देतो, मग मारतो. या सेटिंगचं नाव ग्रेसफुल टाइमआउट. तुमच्या अ‍ॅपमध्ये ४५ सेकंद चालणारा रिपोर्ट असेल तर तो प्रत्येक डिप्लॉयला मध्येच तुटणार. मुदत वाढवा, किंवा बरं म्हणजे तो रिपोर्ट मागे चालणाऱ्या कामात ढकला.

एंजिनएक्समध्ये उलटी अडचण येते. तिथे जुन्या वर्करला मुळात मुदतच नसते. वेबसॉकेटसारखी तासन् तास उघडी कनेक्शन असतील तर "शटिंग डाउन" असं लिहिलेले जुने वर्कर प्रोसेसच्या यादीत साचत जातात. वर्कर शटडाउन टाइमआउट ही सेटिंग त्यासाठीच आहे.

८. खरंच नवा कोड चाललाय का, ते सर्व्हरलाच विचारा

ब्राउझरवर विश्वास ठेवू नका. त्याचा स्वतःचा कॅश असतो. आवृत्ती सांगणारी एक छोटी यूआरएल ठेवा आणि कर्लने ती वीसेक वेळा बोलवा. एकदा पुरत नाही, कारण वर्कर अनेक आहेत आणि तुम्हाला कोणता लागेल ते ठरलेलं नसतं.

ही यूआरएल लिहिताना मी एक मूर्खपणा केला होता. प्रत्येक रिक्वेस्टला आवृत्तीची फाइल उघडून त्यातला गिटचा हॅश परत पाठवायचो. फाइल नवी, म्हणून उत्तरही नवं, जरी उत्तर देणारा वर्कर जुना असला तरी! हॅश मॉड्यूल लोड होताना एकदाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा. म्हणजे तो त्या प्रोसेसच्या मेमरीतल्या कोडबद्दल बोलेल, डिस्कबद्दल नाही.

जोडीला प्रोसेसच्या यादीत वर्कर कधी सुरू झाले ती वेळ बघा. सगळ्या वर्करची वेळ आत्ताची आणि मास्टरची जुनी, हे बरोबर चित्र.

आणि सेलरी किंवा तत्सम मागे चालणारे वर्कर विसरू नका. ती वेगळी सर्व्हिस आहे, वेब सर्व्हरच्या हपशी तिचा संबंध नाही. वेबचा नवा कोड रांगेत नव्या आकाराचं काम टाकतो आणि जुना सेलरी वर्कर ते उचलून कोलमडतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता आधी तिकडचा लॉग उघडतो. या वर्करना थांबवून पुन्हा सुरू करण्यात गैर काही नाही. काम रांगेत थांबतं, कुणाला पाटी दिसत नाही.

९. डेटाबेस: जुना आणि नवा कोड काही काळ एकत्र राहणार

रीस्टार्टमध्ये एक सुख होतं: आधी सगळं जुनं, मग सगळं नवं. आता काही सेकंद, कधी मिनिटभर, दोन्ही कोड एकाच डेटाबेसवर चालतात. जो स्तंभ तुम्ही काढून टाकला तो जुना वर्कर अजून मागतोय.

म्हणून मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) नेहमी अशी करा की आत्ता चालू असलेल्या कोडलाही ती चालेल. नवा स्तंभ घालायचा तर रिकामा चालेल असा, आणि कोड येण्याआधी. जुना काढायचा तर एका डिप्लॉयमध्ये त्याचा वापर थांबवा, प्रत्यक्ष काढणं पुढच्या डिप्लॉयमध्ये. नाव बदलणं हा एक बदल दिसत असला तरी ते तीन-चार डिप्लॉयचं काम आहे: नवा स्तंभ घाला, दोन्हीकडे लिहा, जुना मजकूर आणा, वाचणं नव्याकडे न्या, मग जुना काढा. कंटाळवाणं आहे. मी आताशा नावं बदलतच नाही, वाईट नावाबरोबर जगतो.

ब्राउझरच्या बाबतीतही हेच. कुणाच्या तरी टॅबमध्ये तासाभरापूर्वीचं पान उघडं आहे आणि ते जुनी जावास्क्रिप्ट फाइल मागणार. जुन्या स्टॅटिक फाइली लगेच पुसू नका.

१०. परतीची वाट

करंट लिंक मागच्या रिलीजकडे वळवा, पुन्हा हप द्या. बस, एवढंच; पण यासाठी मागची फोल्डरं जागेवर हवीत. मी शेवटची पाच ठेवतो. पाय घट्ट रोवायचे असतील तर काहीही बिघडलेलं नसताना, एखाद्या शांत दिवशी, मुद्दाम मागे जाऊन पुन्हा पुढे येऊन बघा, आणि आठव्या पायरीतली यूआरएल दोन्ही वेळा विचारा. पहिल्या वेळी मला कळलं की जागा वाचवायला लिहिलेली माझीच स्क्रिप्ट जुन्या रिलीजबरोबर त्यांची व्हर्च्युअलएन्व्हही पुसत होती.